पोरीला ७८.९ टक्के, मग एसजीपीए ७.५८ कसा?

हळदगड्डा (सांगली), धागाकर्ता

नमस्कार मंडळी. पहिलाच धागा आहे, चुकलंमाकलं तर सांभाळून घ्या.

पोरगी मेकॅनिकलला दुसऱ्या वर्षात आहे, इथल्याच एका स्वायत्त कॉलेजात. नाव लिहीत नाही, तिनं तशी तंबीच दिलीय. परवा तिसऱ्या सेमचा निकाल लागला. मार्कशीट घेतली, दुकानातला कॅल्क्युलेटर ओढला आणि बेरीज मारली:

गणित ५८ (४ क्रेडिट)
थर्मो ६२ (४)
फ्लुइड ६९ (३)
मटेरियल ७१ (३)
वर्कशॉप ८५ (२)
थर्मो लॅब ८८ (१)
फ्लुइड लॅब ९२ (१)
ड्रॉइंग लॅब ९० (१)
पर्यावरण ९५ (इथं क्रेडिटच्या रकान्यात शून्य)

बेरीज ७१०, भागिले ९, आले ७८.९. म्हणजे एसजीपीए (त्या सेमची दहापैकी सरासरी) ७.८९ च्या आसपास पाहिजे का नको? छापलाय ७.५८. ऑफिसात फोन केला तर म्हणाले, "सॉफ्टवेअरमधनं आलंय, बरोबरच असणार." मार्केट यार्डात आम्ही अडते शेतकऱ्याला पट्टी (विक्रीच्या हिशोबाचा कागद) देतो त्यात हमाली, तोलाई, अडत सगळं ओळीनं लिहिलेलं असतं. इथं नुसता एक आकडा आणि खाली सही. पोरीला विचारलं तर म्हणते, "बाबा, वेटेज असतं." कसलं वेटेज, ते तिलाही धड सांगता येईना.

कुणी समजावून सांगेल काय?

---

मिरज जंक्शन

काका, ९५ वालं पर्यावरण मोजतच नाहीत. शून्य क्रेडिट म्हणजे पास व्हायचं, बास. आमच्या वर्गात त्या पेपरला निबंध लिहून पोरं ९५ घेतात आणि घरी तेवढंच सांगतात :)

---

हळदगड्डा

घ्या! पेढे त्याचेच वाटले होते.

---

जुना मास्तर (सातारा)

धागाकर्ते अडत व्यापारी आहेत, तर त्यांच्याच भाषेत सांगतो. चौतीस वर्षं गणित शिकवलं. वजनी सरासरी फळ्यावर मुलांना समजायची नाही, आणि बाजारात त्यांच्या बापाला ती उपजत येत असायची.

एका शेतकऱ्याची ३० क्विंटल हळद १५ हजारानं गेली आणि २ क्विंटल निवडक माल १९ हजारानं. त्याला सरासरी काय भाव मिळाला? १५ आणि १९ ची सरासरी १७ हजार असं तुम्ही म्हणाल काय? म्हणालात तर तो उद्या दुसऱ्या अडतीवर जाईल. ३० गुणिले १५, अधिक २ गुणिले १९, झाले ४८८. भागिले ३२. सव्वापंधरा हजार.

क्रेडिट म्हणजे ते क्विंटल. तुम्ही मार्कशीटवर नेमकं १७ हजारवालं गणित केलंत. एक क्रेडिटची लॅब आणि चार क्रेडिटचं गणित तुमच्या कॅल्क्युलेटरला सारखंच दिसलं.

आता दुसरा भाग. थेट मार्क वजनात धरत नाहीत, आधी त्यांचं ग्रेडमध्ये रूपांतर करतात. यूजीसीची (विद्यापीठ अनुदान आयोगाची) दहाची पट्टी अशी: ओ म्हणजे १०, ए प्लस ९, ए ८, बी प्लस ७, बी ६, सी ५, पी ४, नापास ०. किती मार्कांना कुठली ग्रेड हे संस्थेसंस्थेत वेगळं असतं. तुमच्या मुलीच्या मार्कशीटमागं तक्ता असेल. तो बघून इथं टाका, मग पुढचं सांगतो.

---

हळदगड्डा

सर, हाय मागं. बारीक अक्षरात. ९० आणि वर १०, ८० ते ८९ ला ९, ७० ते ७९ ला ८, ६० ते ६९ ला ७, ५० ते ५९ ला ६. खालचं नको वाचायला.

---

जुना मास्तर (सातारा)

छान. मग मांडा:

गणित ४ × ६ = २४
थर्मो ४ × ७ = २८
फ्लुइड ३ × ७ = २१
मटेरियल ३ × ८ = २४
वर्कशॉप २ × ९ = १८
थर्मो लॅब १ × ९ = ९
फ्लुइड लॅब १ × १० = १०
ड्रॉइंग लॅब १ × १० = १०

बेरीज १४४. क्रेडिट १९. १४४ भागिले १९ म्हणजे ७.५८. तुमच्या कॉलेजच्या सॉफ्टवेअरचा हिशोब चोख आहे. तो कागदावर मांडून दाखवायचं सौजन्य नाही, ही तक्रार मात्र रास्त आहे आणि त्यात मी तुमच्या बाजूला आहे.

आता त्या ५८ आणि ६९ कडं नीट बघा. ६९ ला ७ आणि ७० ला ८. फ्लुइडमध्ये एक मार्क जास्त असता तर ३ क्रेडिट गुणिले १, म्हणजे बेरजेत ३ ची भर. गणितात दोन मार्क जास्त असते तर ४ ची. एकूण तीन मार्कांनी १४४ चे १५१ झाले असते आणि एसजीपीए ७.९५. उलट मटेरियलमध्ये ७१ चे ७९ झाले असते, आठ मार्क वाढले असते, तरी आकडा जागचा हलला नसता. जिन्याच्या पायरीवर कुठंही उभं राहा, उंची तीच.

---

आयर्विन पूल

आमच्या वेळी हे नव्हतं. ६० ला फर्स्ट क्लास, ५५ ला हायर सेकंड, वर्षाला एक परीक्षा आणि विषय संपला. वर्षभर कट्ट्यावर, शेवटचे दोन महिने अभ्यास. पास झालोच की!

---

मिरज जंक्शन

काका, ५९ वाल्याला तुमच्या वेळीही ५५ वाल्याच्याच रांगेत बसवायचे. पायऱ्या तेव्हाही होत्या, फक्त कमी आणि उंच.

---

आयर्विन पूल

५९ वाला मीच. (म्हणून तर लक्षात आहे.)

---

हळदगड्डा

मास्तर, डोक्यात उजेड पडला. पण आता दुसरंच टोचायला लागलं. ही पोरगी रात्री बाराएक वाजेपर्यंत लॅबचं जर्नल लिहीत बसते. आकृत्या पेन्सिलनं, मथळे निळ्या पेननं, वरनं खाकी कव्हर. गणिताची वही मात्र कोपऱ्यात. एका क्रेडिटसाठी एवढी मर मर?

---

जुना मास्तर (सातारा)

क्रेडिट तासांवरून ठरतं. आठवड्याला एक तास लेक्चर म्हणजे एक क्रेडिट, पण प्रॅक्टिकलचे दोन तास मिळून एक. लॅबमधला तास म्हणून अर्ध्या वजनाचा. घरी जर्नलवर किती रात्री जातात ते या हिशोबात कुणी धरलेलं नाही. क्रेडिटमध्ये घरचा अभ्यासही मोजायचा, असं नव्या राष्ट्रीय क्रेडिट आराखड्यात आहे, पण जर्नलची पानं काही त्यानं कमी झालेली नाहीत.

---

मिरज जंक्शन

आमचं अजून मजेशीर. मी बी.एस्सी.ला, नव्या शैक्षणिक धोरणाची बॅच. सेमला २२ क्रेडिट, वर्षाचे ४४. त्यात मेजर (मुख्य विषय), मायनर (जोडविषय), ओई, व्हीएससी आणि एसईसी (कौशल्याचे), एईसी (भाषेचा), व्हीईसी (मूल्यशिक्षण), आयकेएस (भारतीय ज्ञानप्रणाली). घरी आजी विचारते, "काय शिकतीस?" तर मला केमिस्ट्री सांगायला लाज वाटते, इतकी ती कमी उरलीय.

ओई म्हणजे दुसऱ्या शाखेचा विषय. मी वाणिज्यचा घेतला, दोन क्रेडिटचा. आमच्याकडं दोन क्रेडिटचा पेपर ५० मार्कांचा. ह्या दोन-दोनच्या तुकड्यांचा तोटा असा की प्रत्येकाची वेगळी असाइनमेंट, वेगळी चाचणी, वेगळे सर. वजन दोनाचं, पण कटकट चाराची. फायदा एकच, एखादा तुकडा बुडाला तर जहाज बुडत नाही.

आणि मास्तरांनी सांगितलेली युक्ती आमच्या वर्गात सगळ्यांना पाठ आहे. अभ्यासाला बसण्याआधी पोरं अंतर्गत मार्क बघतात, पायरी किती लांब आहे ते काढतात आणि मग कुठला पेपर "सोडायचा" ते ठरवतात.

---

तासिकावाला

टेबलाच्या पलीकडच्या बाजूनं बोलतो. तासिका तत्त्वावर शिकवतो. जिल्हा आणि कॉलेज लिहीत नाही, पुढच्या वर्षीची ऑर्डर अजून यायची आहे.

वेटेज फक्त क्रेडिटमध्ये नसतं. प्रत्येक विषयाच्या पोटात आणखी एक वाटणी असते. आमच्याकडं अंतर्गत ४० आणि सेमअखेरची परीक्षा ६०. सेमअखेरचा पेपर १०० चा काढतात आणि मिळालेले मार्क ६० वर आणतात. अंतर्गत ४० मध्ये दोन चाचण्या, असाइनमेंट आणि हजेरी.

कागदावर ४० ला ६०. खरं वजन सांगू? गेल्या सेमला साठ मुलांच्या माझ्या वर्गात अंतर्गतचे मार्क ३३ ते ३८ होते. सगळे. लेखी मात्र ६० पैकी १६ पासून ५१ पर्यंत. आता तुम्हीच सांगा, वर्गात कोण पहिला आणि कोण शेवटचा हे ठरवलं कुणी? त्या ४० मार्कांनी पाच मार्कांचा फरक पाडला, ६० नी पस्तीसचा.

हे असं का होतं तेही सांगतो. मार्क भरायचा शेवटचा दिवस, संध्याकाळचे पाच, पोर्टल गोल गोल फिरतंय. विभागप्रमुख मागं उभे. "तिसाच्या खाली कुणाला नको, पालक येतात." एका मुलानं सगळ्या असाइनमेंट स्वतः सोडवल्या होत्या, चुका सुद्धा स्वतःच्या होत्या. दुसऱ्यानं त्याच्याच वहीचे फोटो काढून उतरवून घेतल्या, त्या चुकांसकट. पहिल्याला ३८ दिले. दुसऱ्याला २४ लिहिले होते, ते ३४ झाले. मीच केले, बोट माझंच होतं.

---

जुना मास्तर (सातारा)

तासिकावाल्यांनी जे सांगितलं ते या धाग्यातलं सगळ्यात मोलाचं. नियमावलीत लिहिलेलं वजन एक आणि प्रत्यक्ष पडणारं वजन दुसरं. ज्या परीक्षेत मार्कांचा पसारा मोठा तीच मुलांचा क्रम लावते. सगळ्यांना ३६ देणारी परीक्षा ४० ची ठेवा नाहीतर ८० ची, क्रमाच्या दृष्टीनं ती शून्याची. तिनं फक्त सगळा वर्ग वर उचलला जातो.

नोकरीत असताना मी उलटाही प्रकार पाहिला. एका विषयाचे परीक्षक कडक आणि दुसऱ्याचे दिलदार. दोन्ही विषय ४ क्रेडिटचे. दिलदाराच्या पेपरात सगळे ७५ ते ८५, कडकाच्या पेपरात ३५ ते ९०. पदक कुणाला जायचं ते दरवर्षी कडक परीक्षकच ठरवायचे, आणि त्यांना त्याचा पत्ताही नसायचा.

---

मिरज जंक्शन

तासिकावाले सर, राग मानू नका, पण अंतर्गत मार्क सैल आहेत म्हणून सगळं लेखीवर टाका असं कुणी म्हणू नये. जतहून, आटपाडीहून पोरी एसटीनं येतात. पेपरच्या दिवशी गाडी चुकली की सेम गेलं. चाळीस मार्क आधीच खात्यावर असले की पाठीला आधार असतो.

अर्थात तोही आधार कधी वाहून जातो. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात आमच्या घरात छातीभर पाणी होतं. दादा तेव्हा डिप्लोमाला. माळ्यावर ठेवलेलं सामान वाचलं, टेबलावरची जर्नलं गेली. पाणी ओसरल्यावर ती हातात घेतली तर पानं चिकटून वीट झालेली. शाई सगळी निळी पसरलेली, फक्त पेन्सिलच्या आकृत्या जशाच्या तशा. टर्म वर्कचे मार्क जर्नलवर. विट्याला मावशीकडं राहून त्यानं सगळी परत लिहिली. सरांनी तारीख वाढवून दिली होती, ते मात्र खरं.

---

आयर्विन पूल

पेन्सिल टिकते हे मलाही त्याच पुरात कळलं. दुकानाच्या उधारीच्या वहीत पेनानं लिहिलेली उधारी गेली, पेन्सिलची राहिली. अवांतर झालं, माफी.

---

पोवई नाका (सध्या पुणे)

मूळ प्रश्नाला धरून एक व्यावहारिक गोष्ट. कंपनीच्या फॉर्मात टक्के मागतात, आणि तिथं लोक वाट्टेल ते भरतात. धागाकर्त्यांच्या मुलीच्या एकाच मार्कशीटचे किती आकडे होतात बघा:

साधी सरासरी (पर्यावरण धरून): ७८.९
एसजीपीए गुणिले १०: ७५.८
मार्कांची क्रेडिटनुसार वजनी सरासरी: ७०.५
एआयसीटीईच्या (तंत्रशिक्षण परिषदेच्या) तक्त्याप्रमाणे: ६८.३

शेवटचा असा येतो: त्या तक्त्यात ६.२५ म्हणजे ५५ टक्के, ६.७५ म्हणजे ६०, ७.२५ म्हणजे ६५. थोडक्यात ०.७५ वजा करा आणि दहानं गुणा.

आमच्या बॅचला एका कंपनीची अट होती ६० टक्के. मित्राचा सीजीपीए (सगळ्या सेमची मिळून सरासरी) ६.४. दहानं गुणलं तर ६४, आत. तक्त्यानं ५६.५, बाहेर. त्यानं ६४ भरले, मुलाखतीपर्यंत गेला, कागद तपासताना अडकला. खोटं बोलला नव्हता, चुकीचं सूत्र लावलं होतं. तेव्हा संस्थेनं जे सूत्र मार्कशीटवर किंवा पत्रावर छापलंय तेच लावायचं, आणि पत्राची प्रत आधीच काढून ठेवायची. ऐनवेळी ऑफिसात "उद्या या" ऐकावं लागतं.

---

आयर्विन पूल

९.५ नं गुणतात ना? भाच्यानं तसंच केलेलं.

---

पोवई नाका (सध्या पुणे)

ते सीबीएसईच्या दहावीचं होतं. इथं लावू नका.

---

राईनकाठचा पाव्हणा

मूळचा कराडचा, शिकायला जर्मनीत. इथं उलटी गंगा, १ सगळ्यात चांगला आणि ४ म्हणजे जेमतेम पास. भारतातला सीजीपीए बदलायला बव्हेरियन सूत्र म्हणून एक आहे: सर्वोच्च गुणातून आपला गुण वजा करा, त्याला सर्वोच्च वजा किमान पास गुणानं भागा, तीननं गुणा, एक मिळवा. ७.५८ ला, १० सर्वोच्च आणि ४ किमान धरून, २.२ येतो. यात गंमत ही की किमान पासचा आकडा बदलला की उत्तर बदलतं. किमान ५ धरला तर तोच ७.५८ इथं २.४५ होतो. कॉलेजच्या पत्रात किमान गुण स्पष्ट लिहून घ्या, नाहीतर समोरचा आपल्या मनानं धरतो.

---

हळदगड्डा

कराडकर, आम्हाला अजून पुण्याला पाठवायचं का नाही तेच ठरेना, तुम्ही थेट जर्मनी काढली :)

मास्तर, एक शेवटचं. ते ७.९५ हुकलं ते लई लागलंय. पोरगी जेवत नाही नीट. फ्लुइडच्या पेपरची झेरॉक्स मागवावी म्हणतो. फायदा होईल काय? का उगाच खर्च?

---

जुना मास्तर (सातारा)

झेरॉक्स मागवा, ६९ ला मागवायलाच हवी. गणिताच्या ५८ लाही मागवा. पण मुलीला जेवायला बसवून आधी हे दाखवा. पहिल्या दोन सेमचे एसजीपीए आणि क्रेडिट किती?

---

हळदगड्डा

८.४ आणि ८.१. दोन्ही सेम २० क्रेडिटची.

---

जुना मास्तर (सातारा)

मग १६८ अधिक १६२ अधिक १४४, झाले ४७४. भागिले ५९. आजचा सीजीपीए ८.०३. ते तीन मार्क मिळाले असते तर ४८१ भागिले ५९, म्हणजे ८.१५. आज फरक ०.१२ चा दिसतो. पण समजा तिची पदवी १६० क्रेडिटची आहे. तेव्हा तेच ७ गुण १६० नं भागले जातील. ०.०४. चौथ्या वर्षी हा फरक दुसऱ्या दशांशात शोधावा लागेल.

पुढच्या सेममध्ये तिला ४ क्रेडिटचे विषय कुठले आहेत ते आधी पाहा. जर्नलच्या मथळ्यांना एकच पेन पुरे.

---

मिरज जंक्शन

मास्तर, आमच्याकडं दोन रंग नसले तर फाईल परत येते :(

---

तासिकावाला

मी परत करत नाही. नोंद असावी.

---

हळदगड्डा (पाच आठवड्यांनी)

धागा वर काढतोय, माफी. पण ज्यांनी डोकं खपवलं त्यांना सांगायला पाहिजे.

दोन्ही पेपरची झेरॉक्स आली. गणितात काही नाही, ५८ ते ५८. पोरीनं स्वतःच बघून मान डोलावली, एक अख्खं उदाहरण तिनं उलट्या चिन्हानं सोडवलं होतं. फ्लुइडमध्ये मात्र सापडलं. चौथ्या प्रश्नाच्या ब ला आत लाल शाईत २ मार्क दिलेत, ते पहिल्या पानावरच्या चौकटीत उतरवलेच नाहीत. १०० पैकी ५३ नाही, ५५ होते. आता तासिकावाले सरांनी सांगितलेलं ६० वर आणायचं गणित मी स्वतः केलं, पट्टीच्या पाठीवर: ५३ चे ३१.८, म्हणजे ३२ धरलेले. ५५ चे बरोबर ३३. अंतर्गत ३७. एकूण ७०!

एक मार्क. तीन क्रेडिट. १४७ भागिले १९, ७.७४.

अर्ज मंजूर झाला म्हणून मेल आलाय. सुधारित मार्कशीट पंधरा दिवसांत म्हणालेत. पोर्टलवर अजून ७.५८ च दिसतंय. पोरगी रोज सकाळी चहाआधी उघडून बघते, आणि खरं सांगायचं तर तिच्या आधी मी बघतो.